हिराचं माप

शुक्रवारी म्हापशाला जायचं म्हणून
तुझं पाऊल मोजलं मी माडाच्या हिराने.
टाच भिंतीला, अंगठा पुढे,
तिथे मोडला हीर, कट्ट,
आणि वर अर्धं बोट सोडलं,
कारण जूनपर्यंत तू काही थांबणार नाहीस.

दुसऱ्या दिवसापासून तुझ्या पावलाला हात लावायची सोय नव्हती.
तू धोंड झालास.
पहाटे बाबाबरोबर झरीवर आंघोळ,
एका वेळेचं जेवण, तेही तुम्हीच रांधलेलं,
भात कचकचीत, आमटीत मीठ दोनदा.
तोंड वाकडं न करता जेवलास.
मिलाग्रीनबाय सुके बांगडे घेऊन आली
आणि वास तुझ्यापर्यंत पोचू नये म्हणून
फाटकापाशीच थांबली, पिशवी पाठीमागे लपवून.
"आमच्या सायबिणीची भयण ती," म्हणाली,
"तिचा नेम मोडूंक फावना."

बाजारात पुरुमेंताची झुंबड.
मिरच्यांच्या ढिगाशी सगळेच शिंकत होते, भाव करता करता.
माळेचे कांदे घेतले, जाडं मीठ, चिंच, एक छत्री.
चपलांच्या दुकानात हीर काढला
तर काउंटरवरचा पोरगा हसला,
"मावशी, नंबर सांगा ना."
नंबर मला कुठला ठाऊक.
त्याने हीर पट्टीला लावला, एक खोका काढला,
मी म्हटलं, याच्यापेक्षा एक मोठा दे.

मग शिरगाव.
खाज्याची दुकानं, लाइटच्या माळा, मोगऱ्याने जड झालेली हवा,
आणि लाकडांची ती रास, आपल्या छपराहून उंच.
मध्यरात्री पेटली.
पहाटेकडे निखारे उरले
आणि बाबा धावला. मागे न बघता.
तू उभा राहिलास.
तुझ्या बेताचे लोकरी गोंडे थरथरत होते,
मागचे धोंड तुला वळसा घालून जात होते,
ओहोळ दगडाला घालतो तसे.
मी दोरीच्या अलीकडे. हाक मारली नाही.
मारली असती तर कुठल्या बाजूला यायचं
हे तुला त्याच क्षणी ठरवावं लागलं असतं.

बाबा आला, तळवे काळे.
गळ्यातली मोगऱ्याची माळ काढून तुझ्या गळ्यात घातली,
तू दिलेल्या चपला पायात सरकवल्या
आणि म्हणाला, "चल, चहा पिऊ."
तेवढंच. घरी येईपर्यंत बसमध्ये
तू माळेतल्या कळ्या मोजत होतास
की झोप लागली होती, कळलं नाही.

मे उरलाच होता बराच.
भिंडां फोडून फोडून तुझी बोटं जांभळी झाली,
फणसाची साटं राखायला बसवलं
तर कावळ्यांच्या आधी तूच कडा खाल्ल्यास.
वास्कोची भावंडं आली, तळीत डुंबली,
मानकुरादच्या कोयी छपरावर फेकल्या.
धाकट्या शर्विलने विचारलं,
"आग खरंच भाजते?"
तू म्हणालास, "मला माहीत नाही."
मी आत सोलांना मीठ लावत होते.
हात थांबला माझा.

पुस्तकांना कव्हरं घातली, नाव तूच लिहिलंस,
आडनाव कोपऱ्यात मावेना म्हणून खाली वळवलंस.
शाळेच्या सकाळी बूट घातलेस.
पुढे अर्धं बोट रिकामं.
मी कापूस कोंबला, तू काढून टाकलास.
"असू दे," म्हणालास,
आणि टाचा घासत गेलास, फटक फटक,
मिलाग्रीनबायच्या कुंपणापर्यंत ऐकू येत होतं.

संध्याकाळी दप्तरात वही सापडली.
'सुट्टीत मी काय केले', पाच ओळी हव्या होत्या, तू तीन लिहिल्यास.
सोलं वाळवली.
बाबाच्या चपला सांभाळल्या.
जत्रेत उजाडलं तेव्हा मी जागा होतो.

बाईंनी 'उजाडलं'खाली लाल रेघ ओढून
'उजाडले' केलं आहे.